एक किलो लोकर

तिवशाच्या अलीकडे, नागपूर रोडपासून आत असलेल्या एका गावात मी पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेले, तेव्हा एका बाईनं मला दारातूनच हात हलवून पुढे जायला सांगितलं.

"आमच्या घरी नाही झालं, बाई. थ्या तिकडे, देवळाच्या मांगं. तिसरं घर."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "काय नाही झालं?"

तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "औषध नाही घेतलं कोनं आमच्या घरी."

त्या वर्षांत अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही खेड्यात बाहेरचं माणूस कागद-पेन घेऊन आलं की ते शेतकऱ्याची आत्महत्या झालेलं घर शोधत आलं, असं लोक धरून चालत. पेपरात रोज एखाद्या गावाचं नाव असायचं. टीव्हीवाले येत, संस्थावाले येत, दुरून कुठून कुठून विद्यार्थी येत, आणि गावानं त्यांना रस्ता दाखवायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या बाईच्या आवाजात रागही नव्हता. मी तिला सांगितलं, मी त्यासाठी नाही आले. तुमच्या पऱ्हाटीला, कपाशीला, पाणी किती दिलं, खत किती टाकलं, फवारण्या किती झाल्या, तेवढंच विचारायला आले.

"काहून?"

"कापडापायी हवेचं अन् पाण्याचं किती नुकसान होते, ते मोजून राहिलो आम्ही."

 मग आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, बाज टाकली आणि म्हणाली, "बस मंग. लिही."

माझी ती पहिली नोकरी. म्हणजे पूर्ण पगाराची पहिली. होम सायन्सला वस्त्रशास्त्र घेऊन मी एम.एस्सी. केलं होतं आणि दोन वर्षं एका कॉलेजात तासावर शिकवत होते. पोरींना तंतूची ओळख शिकवायची: धागा ज्योतीजवळ धरा, केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, कागद जळल्यासारखा आला तर सूत, वितळून मणी झाला तर कृत्रिम. बाकी आयुष्यात या ज्ञानाचा कधी काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मग अमरावतीच्या राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर एका पाहणी करणाऱ्या संस्थेनं दोन खोल्यांचं ऑफिस उघडलं आणि त्यांना कापड कळणारी, खेड्यात फिरू शकणारी मुलगी हवी होती.

काम असं होतं. परदेशातली एक मोठी दुकानवाली कंपनी आपल्याकडून सुती कापड आणि थोडी लोकरीची आसनं विकत घेत होती. तिला आता आपल्या प्रत्येक वस्तूमागे निसर्गावर किती भार पडतो तो आकडा हवा होता. एक किलो सूत तयार व्हायला किती पाणी लागलं, किती खत, किती डिझेल, किती धूर. एक किलो लोकरीचा धागा तयार व्हायला किती. आणि तुलनेसाठी एक किलो पॉलिएस्टर. सुतासाठी मी तिवशाकडच्या गावांत फिरायचं, लोकरीसाठी बाळापूरकडे जायचं. पॉलिएस्टरसाठी मला कोणाच्याच दारात जावं लागलं नाही. त्याचे आकडे पुस्तकात तयार होते.

ऑफिसचे प्रमुख पुण्याहून आले होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. चाळिशीचे, शांत, कधी आवाज न चढवणारे. उन्हाळ्यात भारनियमनाचे तास चालू झाले की ते खिडकीत टेबल ओढून घामानं ओल्या शर्टानं काम करत बसायचे आणि एकदाही कुरकुरायचे नाहीत. मला त्यांचा आदर होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात ते वाईट माणूस होते असं कोणाला वाटू नये.

बाळापूरला मी दिवाळीनंतर गेले. गावाबाहेर धनगरांची पंधरा-वीस घरं होती. तिथल्या अकरा बायकांचा गट लोकर कातायचा आणि गावातले एक म्हातारे विणकर त्या सुताची आसनं विणायचे. विणकरांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सतरंज्यांचं काम. सतरंज्यांचं गिऱ्हाईक कमी झालं, तशी त्यांनी या बायकांची लोकर मागावर घ्यायला सुरुवात केली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागले.

बायकांच्या गटाची प्रमुख एक पन्नाशीची बाई होती. उंच, हाडकुळी, कपाळावर मोठं कुंकू. चालताना, बोलताना, सुनेला ओरडताना तिच्या हातातली टकळी फिरतच असायची. मी तिला मावशी म्हणत असे आणि तिच्या नवऱ्याला मामा. मामांच्या कळपात सत्तरच्या वर मेंढ्या होत्या. ते फार कमी बोलत. कळपाशी मात्र दिवसभर बोलत, शिट्ट्या, हुंकार आणि जिभेचे टकटक आवाज यांची ती भाषा होती.

फॉर्ममध्ये लोकरीसाठी चार पानं होती. मेंढी किती वजनाची, काय खाते, किती खाते, किती चालते, लेंड्या किती टाकते. मी लटकता काटा नेला होता. मामा एकेका मेंढीला पोत्याच्या झोळीत घालत, मी काट्यावरचा आकडा वाचत असे. मेंढ्या पाय झाडत, आणि मावशी ओट्यावरून हसत असे.

"अन् हे कशाचं?" तिनं एका पानावर बोट ठेवून विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या रकान्यात मी जास्त वेळ थांबले ते तिला बरोबर कळत असे.

मी सांगितलं, मेंढी रवंथ करते तेव्हा ढेकर देते. त्या ढेकरात एक वायू असतो. तो वर जाऊन हवा तापवतो.

टकळी थांबली. मी त्या घरात ती पहिल्यांदाच थांबलेली पाहिली.

"ढेकर मोजून राहिली का तू, बाई?"

"मोजत नाही, मावशी. वजनावरून काढतो आम्ही."

तिनं नवऱ्याला हाक मारली. "ऐकलं का? तुमच्या मेंढ्याईच्या ढेकरानं ऊन वाढून राहिलं म्हणते हे पोरगी." आणि ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मामा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, "मंग जिनिंगच्या धुराचं काय?" मी म्हटलं, सरकी काढणाऱ्या त्या कारखान्यांचा धूरही मोजतो, तो कापसात धरतो. "हां," म्हणून ते पुढची मेंढी आणायला गेले.

थंडीभर मी आठवड्यातून एकदा बाळापूरला जात होते. वस्तीतल्या दुसऱ्या एका कळपाची लोकर कातरणं पाहिलं. एका मेंढीची लोकर म्हणजे दोन ओंजळी, त्यातही काडीकचरा. ती धुवायची, उन्हात टाकायची, पिंजायची, मग टकळीवर घ्यायची. रंगवायची नाही. काळ्या मेंढीची काळी, पांढरीची मळकट पांढरी, दोन्ही मिसळून करडी. वीज कुठेच नव्हती. लोकरीच्या सगळ्या फॉर्ममध्ये डिझेलच्या जागी मी शून्य लिहिलं आणि रासायनिक खताच्या जागीही शून्य. मला मनातून वाटत होतं, यांचा आकडा चांगलाच येणार. आलाच पाहिजे.

एकदा मावशीनं मला तिच्या आईचं घोंगडं दाखवलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घोंगडं कडेला थोडं विरलं होतं, मध्ये एक ठिगळ होतं, बाकी जसंच्या तसं. "पावसात हेच, थंडीत हेच, बाळंतपनात हेच. मीबी याच्यावरच जन्मली," ती म्हणाली. मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं: घोंगडं, किमान दोन पिढ्या. मग तिवशाकडच्या बायकांनाही मी विचारायला लागले, सुती लुगडं किती दिवस जातं, आणि बाजारातला स्वेटर किती हिवाळे. हे प्रश्न फॉर्मवर नव्हते. उत्तरं मी मागच्या बाजूला लिहीत गेले.

माघात कापूस वेचून झाला. बाळापूरकडे तेव्हा एक पद्धत होती, आता असेल-नसेल. वेचणी संपली की शेतकरी मेंढपाळाला बोलावणं धाडायचा. मेंढ्या वावरात शिरून पऱ्हाटीचा वाळका पाला, बोंडांचा चुरा खायच्या, रात्री तिथेच बसायच्या आणि वावराला खत मिळायचं. दोघांचंही भलं. त्या वर्षी मामांना नदीकडच्या एका वावराचं बोलावणं आलं. शेतकरी त्यांच्या ओळखीचाच, दरवर्षीचा.

त्या दिवशी माझा लेंड्यांचं वजन करण्याचा दिवस होता. मी काटा आणि पिशव्या घेऊन सकाळी नऊच्या सुमाराला वावरावर पोचले. दुरून मला वाटलं, मेंढ्या बसल्या आहेत. जवळ गेले तेव्हा दिसलं, काही बसल्या होत्या आणि काही आडव्या होत्या. आडव्या होत्या त्यांच्या तोंडाला फेस होता. मामा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या तोंडात काहीतरी ओतत होते. मावशी एकीकडून दुसरीकडे धावत होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "डॉक्टरले फोन लाव. तुह्याजवळ फोन हाय नं?"

जनावरांचे डॉक्टर दुपारी आले. तोवर सतरा मेंढ्या गेल्या होत्या. त्यांनी एकीचं पोट उघडून पाहिलं, बाटलीत काही भरून घेतलं आणि म्हणाले, तपासणीला पाठवतो, पण आत्ता नक्की सांगता येणार नाही. नंतरही कधी नक्की कळलं नाही. शेतकरी मात्र धावतच आला होता. वावराच्या एका कोपऱ्यात त्यानं काही ओळी फरदडीसाठी राखल्या होत्या, उशिरा आणखी थोडा कापूस येईल म्हणून. त्यावर आदल्या दिवशी फवारणी केली होती. फवारणी करणारा मजूर दुसरा, मेंढ्यांना बोलावणारा तो स्वतः, मधे निरोप राहून गेला.

मला वाटलं आता भांडण होणार. तो माणूस मामांच्या समोर हात जोडून उभा राहिला.  मामांनी वर पाहिलं आणि बाजूच्या जागेवर हात आपटला. "बस." तो बसला. दोघंही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, शेजारी शेजारी बसून राहिले. मग मामा म्हणाले, "तुले माहीत असतं तं तू बोलावलं असतं का?" शेतकरी रडायला लागला. मावशी रडली नाही. ती मेलेल्या मेंढ्यांची लोकर हातानं चाचपून बघत होती. दोन आठवड्यांनी कातरायच्या होत्या. मी विचारलं, "हे कातरून घ्यायची का?" ती म्हणाली, "नाही. मेल्याची नाही घेत." मग खड्डा खणायला माणसं आली आणि मी काटा पिशवीत घालून परत फिरले. त्या दिवशीचा वजनाचा रकाना कोरा राहिला.

मार्चमध्ये मी राजापेठच्या ऑफिसात बसून सगळे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला घेतले. खालच्या शिकवणीतून पोरांचा पाढे म्हटल्यासारखा सूर यायचा, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न. दिवसातून दोन वेळा वीज जायची आणि मी घाईघाईनं बटण दाबून काम वाचवायची. लोकरीच्या पानावर 'वर्षभरात मृत जनावरं' असा रकाना होता. मी सतरा लिहिलं. बाजूच्या चौकटीतला आकडा बदलला.

तो वाढला होता. मला वाटलं माझं काही चुकलं. मी सतरा पुसून शून्य लिहिलं, आकडा खाली आला. पुन्हा सतरा लिहिलं, वर गेला. मी सरांना बोलावलं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मला नीट समजावून सांगितलं. "बघ, त्या सतरा मेंढ्यांनी वर्षभर चारा खाल्ला, रवंथ केलं. त्यांचा भार हवेवर पडलाच. पण त्यांची लोकर मिळाली नाही. मग तो भार कुणाच्या लोकरीवर घालायचा? उरलेल्यांच्या. म्हणून किलोमागचा आकडा वाढतो."

"पण सर, त्या कापसाच्या औषधानं मेल्या."

"ते सिद्ध झालंय का?"

"नाही."

"आणि औषधाचं वजन आपण कापसाकडे धरलेलं आहेच. जेवढे लिटर फवारले तेवढे."

"फक्त लिटर?"

 त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. मी विचारलं, "सतरा लिहिलेच नाहीत तर?"

"तू स्वतः पाहिलंस ना?" ते म्हणाले. "पाहिलेलं लिहायचं नाही, तर मग आपण मोजतो कशाला?"

मी सतरा ठेवले. आजही मला ठरवता येत नाही की मी तेव्हा बरोबर केलं की चूक. आकडा खरा होता. सतराचे सोळा मी करू शकले नसते, माझा हात धजला नसता. पण त्या खऱ्या आकड्यातून जे निघालं ते खोटं होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

मग मी त्यांना फॉर्मच्या मागच्या बाजू दाखवल्या. घोंगडं दोन पिढ्या, लुगडं दोन-तीन वर्षं, स्वेटर दोन हिवाळे, त्यानंतर पायपुसणं नाहीतर उकिरडा. मी म्हटलं, "सर, किलोनं का मोजायचं? अंगावर जितकी वर्षं राहतं तितक्यानं भागलं तर लोकरीचा आकडा सगळ्यात खाली येईल."

त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली. एकूण एक. मग म्हणाले, "हे चांगलं काम केलंस. पण आपली हद्द धाग्यापर्यंत आहे. धागा तयार झाला, आपलं काम संपलं. पुढे ते कोण किती वर्षं वापरतं, हे या अभ्यासात नाही. कंपनीनं तसंच मागितलंय."

"त्यांना सांगता येणार नाही का?"

"सांगतो," ते म्हणाले. आणि त्यांनी खरंच अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद घातला. मी वाचला होता. चांगला परिच्छेद होता. पण पहिल्या पानावर तीन खांबांचं चित्र होतं, आणि त्यात लोकरीचा खांब सगळ्यात उंच होता. कापसाचा त्याच्या खूप खाली, पॉलिएस्टरचा त्याच्याही जरा खाली. खाली बारीक अक्षरात माहिती गोळा करणारी म्हणून माझं नाव.

जूनमध्ये कंपनीचं पत्र आलं. सुती कापड चालू ठेवू, लोकरीची आसनं पुढच्या मागणीपासून बंद. कारण सभ्य शब्दांत लिहिलं होतं. सर म्हणाले, गटाला आपण पत्रानं कळवू. मी म्हटलं, नको, मी जाऊन सांगते. पत्र वाचून कोण दाखवणार होतं त्यांना?

मी गेले तेव्हा बाळापुरात पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता आणि वस्तीकडे जाणारी वाट काळ्या चिखलानं भरली होती. चप्पल हातात घेऊन पोचले. चाचाही तिथेच आले होते, तयार आसनांचा गठ्ठा घेऊन. मला बघून मावशीनं चहाला टाकलं. मी चहा पिण्याआधीच सांगून टाकलं. मेंढ्यांचा आकडा जास्त आला, म्हणून ते लोक आता आसनं घेणार नाहीत.

चाचांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "बेटी, कपास से भी ज्यादा निकला?"

"हो."

"अन् थे पेट्रोलचं कापड असते नं, नायलॉनवानी? त्याच्याहून?"

"त्याच्याहूनही."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. कोपरापर्यंत लोकरीचे बारीक तंतू चिकटलेले होते. मावशी म्हणाली, "ढेकरापायी?"

"ढेकर, अन् अजून एक." हे सांगायचं की नाही यावर मी एस.टी.त सगळा रस्ता विचार केला होता. मी तिला सतरा मेंढ्यांचं सांगितलं. त्या मेल्यामुळे आकडा कसा वाढला ते सांगितलं. आणि तो रकाना मी माझ्या हातानं भरला हेही सांगितलं.

मला वाटलं होतं ती चिडेल. तिनं चिडावं अशी माझी इच्छाही असेल. तिनं चुलीतलं लाकूड मागेपुढे केलं.

"मेल्या त्या मेल्या," ती शेवटी म्हणाली. "मेल्या नाहीत असं कसं लिहिशीन तू?"

"पण मावशी..."

"चहा घे. निवून राहिला."

मी चहा घेतला. निघताना मामा वाटेपर्यंत सोडायला आले. पाऊस भुरभुरत होता आणि ते डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन चालत होते. त्यांनी मला फक्त एकच विचारलं. "त्या लोकाईनं आमची मेंढी पाह्यली हाय का कधी?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली आणि चिखलातून मला हात देऊन डांबरी रस्त्यावर चढवलं.

पुढे मी त्या कंपनीला पत्र लिहिलं. सरांनी इंग्रजी तपासून दिलं. घोंगडं किती वर्षं टिकतं, मेंढ्यांच्या लेंड्यांनी वावराचं किती खत वाचतं, त्या सतरा कशा मेल्या, सगळं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. माझ्या निरीक्षणांबद्दल आभार मानले होते आणि वापराचा काळ पुढच्या अभ्यासात जरूर विचारात घेऊ असं लिहिलं होतं. तो पुढचा अभ्यास आमच्याकडे झाला नाही. वर्ष सरताना राजापेठचं ऑफिस बंद झालं. सर पुण्याला परत गेले. जाताना त्यांनी मला माझे सगळे मूळ फॉर्म बांधून दिले. "मागच्या बाजू मी फेकू शकत नाही," ते म्हणाले. 

बायकांचा गट दीड-दोन वर्षं कसातरी टिकला. मी अमरावतीच्या एका प्रदर्शनात त्यांची काही आसनं ठेवली होती. लोक हात लावायचे, म्हणायचे, टोचते. बाजूच्या दुकानात गुळगुळीत रंगीत आसनं होती, ती घ्यायचे. चाचांची नजर कमी झाली आणि त्यांनी माग उतरवला. त्यांच्या घरातलं पुढे कोणी मागावर बसलं नाही. धनगरांच्या वस्तीत चाराही कमी झाला होता. पूर्वी शेतकरी बोलवायचे, आता मामा स्वतःच कोणाच्या वावरात जायला धजत नव्हते. कुठल्या ओळीवर काय मारलंय कोणाला माहीत. कळप थोडा थोडा करून बाजारात गेला. लोकर कातरली तरी कोणी घेईना, म्हणून ती बांधावर टाकून देत. मी शेवटची गेले तेव्हा ओल्या लोकरीचे गोळे बाभळीखाली पडलेले होते, आणि त्यातून गवत उगवलं होतं.

मला तोपर्यंत अकोल्याला एका कॉलेजात नोकरी लागली होती. विद्यार्थिनींना घेऊन दरवर्षी एखादी जिनिंग-प्रेसिंग बघायला न्यावं लागतं. चारेक वर्षांनी, हंगामाच्या भरात, परवानगी काढायला म्हणून मी एमआयडीसीतल्या एका जिनिंगवर गेले. फाटकात खुर्चीवर निळ्या गणवेशातला एक म्हातारा बसला होता. टोपी मोठी होत होती, कानांवर आली होती. मी वही मागितली आणि त्यांनी वर पाहिलं. मामा होते.

त्यांनी मला लगेच ओळखलं. उभे राहिले. मी "बसा, बसा" म्हणत राहिले. मावशी मुलीकडे असते, गुडघे गेले तिचे, असं म्हणाले. टकळी फिरवते का, असं मी विचारलं. "काय फिरवन? लोकर कुठी हाय?" त्यांच्या मागे कापसाचे पांढरे ढीग होते, दोन माणसं उंच. हवेत तंतू उडत होते आणि ते त्यांच्या निळ्या शर्टावर, भुवयांवर बसले होते. शर्ट पॉलिएस्टरचा होता. कॉलर घामानं मानेला चिकटली होती, आणि ते बोटानं ती सारखी सोडवत होते.

"काम बरं हाय का मामा?"

"काम काय? बसाचं. आल्या-गेल्याले पाहाचं." ते हसले. त्यांचे पुढचे दोन दात गेले होते. मग त्यांनी खाली वाकून दोन्ही हातांनी पोटऱ्या दाबल्या. "पाय भल्ले दुखून राहिले, बाई. रात्रीले झोप नाही लागत. दिवसभर चालाची आदत. आता चालनंच बंद झालं नं."

मी त्यांना म्हटलं, अधूनमधून उठून फाटकापासून ढिगापर्यंत फेऱ्या मारत जा. ते म्हणाले, साहेब रागावतो, फाटक सोडलं तं. तेवढ्यात आतून कापसाच्या गाठींची गाडी आली, त्यांनी फाटक उघडलं, गाडी जाऊ दिली, पुन्हा लावलं. वही माझ्यापुढे धरून म्हणाले, "तूच लिहून टाक. मले काय येते."

मी नाव लिहिलं, वेळ लिहिली. त्यांनी मला आत सोडलं. ऑफिसाकडे जाताना मी एकदा वळून पाहिलं. ते खुर्चीवर बसले नव्हते. फाटकाला धरून, जागच्या जागी, एक पाय उचलून दुसरा टेकवत उभे होते.